नाव सांगल्याशिवाय दार उघडूचा नाय

१

मला झोपून राहा म्हणणं म्हणजे मांजराला उपास धरायला सांगणं. पण डॉक्टरबाईंनी डोळे वटारून सांगितलं, "चेतना, पहिले तीन महिने हालचाल कमीत कमी," आणि मी मुकाट मान डोलावली. तिसरी खेप होती. आधीच्या दोन वेळा हाती काही लागलं नव्हतं. म्हणून या वेळी मी शहाण्या मुलीसारखी नाहूरच्या आमच्या वन बीएचकेत, हॉलमधल्या दिवाणावर आडवी पडले आणि ऑफिसला कळवलं की पाठ धरलीय.

खोटंच ते. पण तीन महिने कोणाला सांगायचं नाही हा नियम. माझ्या नवऱ्याच्या, नितेशच्या कोकणातल्या घरात त्याला दृष्टीचं कारण देतात. माझ्या माहेरी दृष्ट-बिष्ट काही नव्हती. माझे पप्पा, काशीराम गायकवाड, जालन्याकडून घाटकोपरला आलेले, घरात बाबासाहेबांचा फोटो आणि खाली पुस्तकांची रांग. "भीती वाटली की दिवा लाव आणि नीट बघ," हे त्यांनी शिकवलेलं. तरी या वेळी मी पप्पांनाही सांगितलं नव्हतं. दोनदा सगळ्यांना आनंदाने फोन केले होते आणि दोनदा परत फोन करून नाही म्हणून सांगितलं होतं. ते परतीचे फोन मला आता झेपणार नव्हते. हे पोर गेलं तर मी पण गेले, असं मनात पक्कं झालं होतं.

म्हणजे गोष्ट ठाऊक होती फक्त मला, नितेशला आणि डॉक्टरबाईंना. आणि आरोग्यपेटीला.

आरोग्यपेटी म्हणजे ते ॲप. आमच्या हॉस्पिटलात हल्ली सगळे रिपोर्ट त्यातच येतात. रक्ताचे, सोनोग्राफीचे, गोळ्यांची नावंसुद्धा. नवा रिपोर्ट आला की टिंग वाजतं. त्या दिवशी दुपारी जेवून मी लवंडले होते, सोनोग्राफीचा कागद नुकताच पेटीत पडला होता. त्यात लिहिलं होतं, हृदयाचे ठोके ऐकू येतात. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत होते. तेवढ्यात टिंग झालं.

"नलिनी परब यांनी आपली नोंद पाहिली."

नलिनी परब म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

२

आईंबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या दाराला बाहेरून जाळीचा सेफ्टी डोअर आहे, त्याची कडी बाहेरून फक्त चावीने उघडते. दुपारची भांडी झाली की आई आतला दरवाजा उघडा टाकायच्या, जाळीची कडी लावायच्या आणि नायलॉनच्या पट्ट्यांची घडीची खुर्ची दारात मांडून बसायच्या. मांडीवर भाजीची परडी. चहा होईपर्यंत ती त्यांची ड्युटी. पॅसेजमधून कुत्रं गेलं तरी विचारायच्या, "कोण आसा?"

कुरिअरवाला असो, मीटरवाला असो, नाव सांगितल्याशिवाय पुढे पाऊल नाही. एकदा सोसायटीचा सेक्रेटरी घाईत होता, म्हणाला, "आजी, मी हो." आई म्हणाल्या, "मी सगळेच असतत. नाव सांगल्याशिवाय दार उघडूचा नाय." बिचारा आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सांगून आत आला.

फोनचंही तेच. नितेशने त्यांना स्मार्टफोन दिला, तर त्यावर जे काही येईल ते त्या नाकारायच्या. "ह्या काय इला गो, चेतू?" म्हणून मला दाखवायच्या आणि मी चष्मा लावेपर्यंत 'नाही' दाबून मोकळ्या. त्यांच्यापायी एकदा गॅस सिलिंडर परत गेला.

आणि त्यांची आणखी एक खोड होती. घरात किंवा शेजारी कोणाकडेही बाळ झालं की बारशापर्यंत थांबायचं नाही. त्याच दिवशी हाक मारायचं नाव ठेवून टाकायचं. मुलगा असला तर दादू, मुलगी असली तर शकु. नितेश बारशापर्यंत दादू होता, माझी नणंद श्रुतिका शकु होती, अख्ख्या मजल्यावरची पोरं आधी दादू आणि शकु होती. मी चिडवायचे, "आई, जरा व्हरायटी ठेवा ना." त्या हसायच्या नाहीत. म्हणायच्या, "बिननावाच्या पोराक घर गावणा नाय." नाव नसलेल्याला घर सापडत नाही म्हणे.

मी दुसऱ्यांदा हॉस्पिटलातून रिकाम्या हाताने आले तेव्हा सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. मला त्याचा राग यायचा. आई एकट्या नेहमीच्या आवाजात बोलल्या. मला भात कालवून भरवला, आणि नितेशला म्हणाल्या, "त्या पेटीत हिका माझ्या नावाखाली घाल. हिचा काय बघूचा असला तर आधी माका विचारूचा."

आम्हाला वाटलं, म्हातारीचं प्रेम. नितेशने त्यांना ॲपमध्ये कुटुंबप्रमुख केलं आणि मला त्यांच्याखाली जोडलं. मग पुढच्या श्रावणात आई गेल्या. दारावरच्या पाटीवरचं नाव जसं आम्ही काढलं नाही, तसं ते ॲपमधलंही राहिलं. आमच्यात गेलेल्याचं नाव कोणी पुसत नाही. कोणाला हात उचलवत नाही, एवढंच.

३

भूत वगैरे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात आला माझा नवरा.

नितेश कामावरून आला, मी त्याला बूटही काढू दिले नाहीत. "आईंच्या नावाने लॉगिन कोण करतंय?"

"काय?"

"फोन दाखव."

त्याने निमूट दिला. त्याच्या फोनमध्ये फक्त त्याचंच खातं होतं. पासवर्ड मात्र घरात सगळ्यांना ठाऊक. परबांच्या घरात बँकेपासून वायफायपर्यंत एकच पासवर्ड चालतो, गावच्या सातेरी देवीचं नाव आणि पुढे घराचा नंबर. मी लग्न होऊन आले तेव्हाच म्हटलं होतं, ही काय पद्धत? तर घरचे म्हणाले, देवीच्या नावाला कोण हात लावणार.

"श्रुतिका असेल," मी म्हटलं. "तिला पासवर्ड माहीत आहे. तिने बघितलं असणार, आता ती अख्ख्या बदलापूरला सांगणार."

"चेतना, ती तुझ्या रिपोर्टमध्ये कशाला डोकावेल?"

"मग आईंचा फोन कुठाय?"

त्याने बूट काढले. मग आतल्या खोलीत गेला, कपाट उघडलं, आईंच्या साड्यांच्या खालून फोन काढून आणला. रुमालात गुंडाळलेला होता. बॅटरी पुरीसारखी फुगली होती आणि मागचं झाकण उचकटलं होतं. चालू व्हायची गोष्टच नव्हती.

"सिम?"

"कधीच बंद झालं. रिचार्ज करायला जायचो दुकानात आणि तसाच परत यायचो." तो रुमालाची घडी करत बसला. "एकदा लावलेला मी तिचा नंबर. असाच. अस्तित्वात नाही म्हणाली बाई."

त्याचा चेहरा बघून माझा राग उतरला. मी त्याला जवळ घेतलं. आमच्या घरात भांडणं अशीच संपतात, मी सुरू करते आणि तो रडवेला होतो.

४

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज एकच वेळ, भांडी झाल्यानंतर आणि चहाच्या आधी. "नलिनी परब यांनी आपली नोंद पाहिली."

मी श्रुतिकाला आडून आडून विचारलं. तिने ते ॲप केव्हाच फोनमधून काढून टाकलं होतं. मग मी तेजलला फोन लावला. तेजल माझी ऑफिसातली मैत्रीण. आम्ही दोघी मुलुंडला एका विम्याच्या ऑफिसात क्लेमच्या टेबलावर बसतो. दिवसभर परक्या माणसांची दुखणी वाचणं हे आमचं काम. कोणाची साखर किती, कोणाला कसल्या गोळ्या चालू आहेत, हे मला त्यांच्या बायकांआधी कळतं. त्यामुळे माणसाची फाईल किती हातांतून फिरते, हे मला कोणी सांगायला नको.

"एका मैत्रिणीचं आहे हां," मी म्हटलं.

"असू दे मैत्रिणीचं," तेजल म्हणाली. तिला काय कळायचं ते कळलं असावं. "हे बघ, मेलेल्या माणसाचा नंबर कंपनी दुसऱ्याला देते. आता नसेल दिला, उद्या देईल. ज्याला मिळेल त्याला ओटीपी जाणार, आणि तो बसेल आरामात तिचे रिपोर्ट वाचत. वर पासवर्ड सगळ्या खानदानाचा एक. वाट लागली ना यार. तिला सांग, पहिलं ते नाव काढ."

"पण रोज दुपारीच का बघेल कोणी?"

"त्याचा लंच टाइम असेल."

हे उत्तर मला आवडलं. पप्पांनाही आवडलं असतं. मी फोन ठेवला, पाणी प्यायला उठले, आणि बघते तर दारामागे घडी करून उभी असलेली आईंची खुर्ची दारात मांडलेली होती. तोंड जाळीकडे.

मी स्वतःला समजावलं, नितेशने सकाळी मोजे घालायला घेतली असेल. संध्याकाळी त्याला विचारलं, तो नाही म्हणाला. मग म्हणाला, "घेतली असेन, लक्षात नाही." मला घाबरवायचं नाही म्हणून तो खोटं बोलत होता. त्याला खोटं बोलता येत नाही. कानाच्या पाळ्या लाल होतात.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत नव्हती. उलट त्या टिंगची सवय होत चालली होती. दुपारी ते वाजलं की पोटावरचा हात आपोआप सैल पडायचा आणि डोळा लागायचा. वाटायचं, आहे कोणीतरी दारात. पण मग डोकं चालायला लागायचं. आई असत्या तर हरकत नव्हती. पण आई नव्हत्या. मग हे त्यांच्या नावाआडून बघतंय कोण? माझ्या पोराचे ठोके रोज कोण मोजून जातंय?

"काढून टाकते नाव," मी नितेशला म्हटलं.

त्याने भिंतीवरच्या आईंच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाला, "असू दे ना गं. बघते तर बघू दे."

"आणि ती नसेल तर?"

 

५

एका दुपारी मी ते केलं.

नितेश कामावर होता. घर शांत होतं, फक्त वरच्या मजल्यावर कोणाचा तरी मिक्सर चालला होता. मी दिवाणावर उशीला टेकून बसले, फोन घेतला आणि आईंच्या फोटोकडे बघून म्हटलं, "राग मानू नका. तुमच्यावर नाही, दुसऱ्यांवर विश्वास नाही माझा." मग कुटुंबप्रमुख या शब्दावर बोट ठेवलं. ॲपने विचारलं, नलिनी परब यांना काढायचे आहे का? मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं, नक्की का? पुन्हा हो म्हटलं.

नाव गेलं. मला सुटल्यासारखं वाटलं नाही. स्वयंपाकघरात कोणीतरी असताना घर जसं लागतं आणि ते माणूस बाहेर गेल्यावर जसं लागतं, तेवढा फरक पडला.

वरचा मिक्सर थांबला. टिंग झालं.

"एका व्यक्तीने आपली नोंद पाहण्याची परवानगी मागितली आहे. नाव:" आणि पुढे नुसती रेघ. खाली दोन बटणं, परवानगी द्या आणि नाकारा.

मी नाकारा दाबलं. लगेच दुसरं आलं. तेच शब्द, तीच रेघ. नाकारलं. टिंग. पुन्हा. मी दाबत गेले आणि ती येत गेली, आधी थांबून थांबून, मग एकामागोमाग. मला पहिल्यांदा संताप आला. म्हटलं, कोण हरामखोर आहेत बघू तरी. दिवा लाव आणि बघ. मी मागच्या विनंत्यांचं पान उघडलं. इतके दिवस ते पान मला दिसतच नव्हतं, कारण विनंत्या थेट कुटुंबप्रमुखाकडे जात होत्या.

पान भरलेलं होतं. या खेपेची पहिली सोनोग्राफी झाली त्या दिवसापासून, रोज. नावाच्या जागी रेघ, आणि पुढे एकच वाक्य: "नलिनी परब यांनी नाकारली." रोज दोन. कधी एक नाही, कधी तीन नाहीत. रोज दोन, आणि दोन्ही नाकारलेल्या, आणि त्यानंतर आई माझी नोंद बघून जायच्या. सगळं जागच्या जागी आहे ना, हे बघायला.

मी खाली सरकत गेले. वर्षाहून जास्त काळाचं मोकळं पान, आणि मग दुसऱ्या खेपेचे दिवस आले. तेव्हा मी कोणाच्याच नावाखाली नव्हते. हॉस्पिटलच्या काउंटरवर मुलीने खातं उघडून दिलं आणि नोंद सर्वांसाठी खुली राहिली, ते मला आज समजत होतं. तिथे नाकारलेलं काही नव्हतं. एकच ओळ होती. रेघ, आणि पुढे "यांनी पाहिली." ती आदल्या दिवसाची होती. दुसऱ्या दिवशी मला कळा आल्या होत्या आणि सगळं संपलं होतं.

पहिल्या खेपेला ॲप नव्हतं. कागदाची फाईल होती.

दुसऱ्या वेळी बाहेर एक होतं. या वेळी दोन होती. ज्यांचं नाव ठेवायची वेळच आली नाही, अशी दोन माणसं माझ्या आयुष्यात होती. ती कोण, हे मला कोणी सांगायला नको होतं.

६

बेल वाजली नाही. आतला दरवाजा दुपारचा उघडाच असतो, आईंपासूनची सवय. जाळीची कडी लागलेली होती. पॅसेजमधला उजेड जाळीतून आत फरशीवर पडतो, तो पडलेला होता, फक्त खालच्या बाजूला थोडा कमी.

मी बघितलं. जाळी आतल्या बाजूला फुगली होती. वर नाही. खाली, गुडघ्याच्या उंचीला, आणि दोन ठिकाणी. शेजारची पोरं बाहेरून जाळीला नाक लावून बघतात ना, तशी. जाळीच्या पलीकडे मला कोणी दिसलं नाही. पण ती ताणलेली तार हळूहळू आणखी आत येत होती आणि कडी आपल्या जागी थरथरत होती.

माझा हात पोटावर गेला. मी खोटं नाही बोलणार, मला भीती वाटली.  आणि त्याच वेळी उठून कडी काढावी, दोघांना आत ओढून घ्यावं, इतके दिवस बाहेर उभी राहिलात रे, म्हणावं, असं वाटत होतं. पण दुसऱ्या खेपेला एकाने नुसतं पाहिलं होतं आणि काय झालं ते मी बघितलं होतं. त्याने मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. पोराला काय कळतं? आईच्या मांडीवर दुसरं दिसलं की तेही चढायला बघतं.

दार उघडलं तर आतलं जाईल. हाकललं तर माझीच पोरं मी हाकलली.

"कोण आसा?" मी म्हटलं. माझी मालवणी धड नाही, आई हसायच्या तिला.  उत्तर आलं नाही. कुठून येणार? सांगायला नाव असायला हवं ना.

मी फोन उचलला. कुटुंबप्रमुख जोडा. नाव: नलिनी परब. तोच नंबर, जो अस्तित्वात नाही. ॲप म्हणालं, आमंत्रण पाठवले आहे, समोरच्या व्यक्तीच्या होकाराची वाट पाहत आहोत. ते गोल गोल फिरत राहिलं. कडी खडखडली. मी डॉक्टरबाईंचं ऐकलं नाही. उठले, भिंतीला धरून दारापर्यंत गेले, आईंची खुर्ची उघडून जाळीसमोर मांडली आणि मागे सरकत दिवाणावर येऊन बसले.

"आई," मी म्हटलं, "चुकलं माझं. तुम्ही आहात हे मला कळायला हवं होतं. या ना. मला एकटीला नाही जमत हे."

टिंग झालं. मी फोनकडे बघितलं नाही. मी खुर्चीकडे बघत होते. नायलॉनच्या पट्ट्या खाली दबल्या. आधी उजवीकडे, मग सगळ्या. आई तशाच बसायच्या, आधी उजव्या अंगाने, गुडघा दुखायचा म्हणून.

बोलणं मला ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. भाजी निवडता निवडता दारातल्या पोरांशी आई जशा पुटपुटायच्या, तसला काहीतरी आवाज होता, तो नळाचाही असू शकेल. बराच वेळ चालला. मग जाळी सैल पडली आणि सपाट झाली. फरशीवरचा उजेड पूर्ण आला. आणि मला, बसल्या बसल्या, झोप लागली.

संध्याकाळी नितेशने मला हलवून उठवलं. तो घाबरलेला होता.

"चेतना, कडी आतून लावलीय ना? मी चावीने उघडली."

"मग?"

"मग आईची खुर्ची बाहेर पॅसेजमध्ये कशी?"

मी त्याला सगळं सांगितलं.  तो बाहेर गेला, खुर्ची आत आणायला म्हणून, आणि न आणताच परत आला. "राहू दे तिथेच," म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल नव्हत्या.

७

त्यानंतर दुपारचं टिंग झालं नाही. ते पानही मी उघडलं नाही. पप्पा म्हणतील, दिवा लावून बघायला हवं होतंस. पप्पा, कधी कधी घरातली माणसं झोपलेली असतात, तेव्हा दिवा लावत नाहीत.

तीन महिने झाल्यावर पप्पांना फोन केला. ते फोनवर नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिले आणि मग दोन्ही हातांत फणसाएवढी पपई घेऊन घाटकोपरहून आले. कोणीतरी त्यांना पपई चालत नाही म्हणून सांगितलं तर त्याच्याशी भांडले, आणि मग ती पपई एकट्याने बसून खाल्ली. पुढचं सगळं सुखरूप झालं. मुलगी झाली. डोक्यावर भरपूर जावळ आणि आवाज माझा.

घरी आणल्यावर ती पाळण्यात झोपली होती, दुपारची वेळ होती, आतला दरवाजा उघडा आणि जाळीला कडी. टिंग झालं. आरोग्यपेटी विचारत होती, नवजात बाळाची नोंद आली आहे, आपल्या कुटुंबात जोडायची का?

मी कुटुंबाचं पान उघडलं, कितीतरी महिन्यांनी.

कुटुंबप्रमुख: नलिनी परब. त्याखाली आम्ही सगळे. नितेश, मी. आणि आमच्याखाली आणखी दोन ओळी. त्यांच्यापुढे रेघ नव्हती.

दादू. शकु.

जोडल्याची तारीख जाळी फुगली त्या दुपारची. जोडणारे: नलिनी परब.

मी किती वेळ ते वाचत होते कोण जाणे. तेजलने सांगितलेलं सगळं मला आठवत होतं. अनोळखी नावं काढा, परवानग्या तपासा, कोण काय बघतं यावर लक्ष ठेवा. खरंच आहे ते. सातेरीचा पासवर्ड मी आदल्याच महिन्यात बदलला होता आणि नितेशलाही सांगितला नव्हता. पण ही नावं अनोळखी नव्हती.

बाळाच्या नावाच्या जागी अजून रेघ होती. बारशाला वेळ होता. पण ती रेघ मला अर्धा मिनिटही तिथे राहू द्यायची नव्हती. शकु घेतलेलं होतं. मी चिमी लिहिलं. मग ॲपने विचारलं, ही नोंद कोण पाहू शकेल? नितेशच्या नावासमोर खूण केली. आईंच्या नावासमोर केली. मग आणखी दोन खुणा केल्या आणि जतन करा दाबलं.

"नलिनी परब यांनी नोंद पाहिली." आणि पाठोपाठ, घाईघाईत, जिन्यावरून धावत आल्यासारखी दोन टिंग.

पाळण्यात चिमीने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं नाही. पाळण्याच्या कडेला बघत होती, तिथे कोणी नव्हतं, आणि तिचे डोळे एकीकडून दुसरीकडे जात होते.

मी फोन खाली ठेवला.

"बघा रे," मी म्हटलं. "पण लांबूनच हां. आणि आजीला विचारून."